विद्यापीठात श्वसनविषाणूंच्या लसी : कोणाला, केव्हा आणि कशा द्यायच्या

विद्यापीठातल्या लसीकरण शिबिराला लोक आले नाहीत की खापर अफवांवर फोडले जाते. नीट पाहिले तर कारणे साधी निघतात. शिबिर परीक्षेच्या आदल्या दिवशी ठेवलेले असते, वेळ फक्त सकाळी अकरा ते एक असते, किंवा कोणती लस कोणासाठी आहे हेच सूचनेत लिहिलेले नसते. पुढचे मार्गदर्शन मुख्यतः आरोग्य केंद्र, वसतिगृहांचे प्रमुख आणि शिबिराची जबाबदारी अंगावर पडलेले प्राध्यापक यांच्यासाठी आहे. स्वतःपुरते काय करायचे एवढेच हवे असलेल्यांनी पहिला भाग आणि शेवटचे दोन वाचले तरी चालेल.

तीन लसी, तीन वेगळ्या याद्या

इन्फ्लुएन्झा म्हणजे फ्लू, कोविड आणि आरएसव्ही (तान्ह्या बाळांना आणि वयस्करांना जास्त त्रास देणारा श्वसनमार्गाचा विषाणू) या तिन्ही विषाणूंची लक्षणे सुरुवातीला सारखीच दिसतात, म्हणून सूचनाफलकावर ‘सर्दी-तापाच्या लसी’ असे एकत्र लिहिण्याचा मोह होतो. तो टाळा. या लसी घेणारे लोक वेगळे आहेत आणि त्यांचे वेळापत्रकही वेगळे आहे.

फ्लूची लस सहा महिन्यांवरील जवळपास प्रत्येकाला चालते आणि दरवर्षी घ्यावी लागते. विषाणू बदलत राहतो आणि लसीने मिळालेले संरक्षणही काही महिन्यांत उतरते, अशी त्याची दोन कारणे आहेत. लसीत कोणते प्रकार घ्यायचे याची शिफारस जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा करते : फेब्रुवारीत उत्तर गोलार्धासाठी, सप्टेंबरमध्ये दक्षिण गोलार्धासाठी. पूर्वी लसीत चार प्रकार असत. त्यातला बी-यामागाता हा प्रकार मार्च २०२० नंतर खात्रीशीरपणे कुठे आढळलेला नाही, म्हणून आताच्या लसींत तीन प्रकार असतात : एच१एन१, एच३एन२ आणि बी-व्हिक्टोरिया. ‘चारची मिळते का’ असे विचारत कोणी थांबून राहिले तर त्याला एवढे सांगावे की चौथ्याच्या नसण्याने त्याचे काही बिघडत नाही. ६५ वर्षांवरील प्राध्यापकांसाठी जास्त मात्रेची किंवा लसीचा जोर वाढवणारे सहायक द्रव्य घातलेली लस उपलब्ध असेल तर ती निवडा. जास्त मात्रेच्या लसीत प्रत्येक प्रकारामागे ६० मायक्रोग्रॅम प्रतिजन (शरीर ज्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते तो विषाणूचा अंश) असते, नेहमीच्या लसीत १५. ती मिळाली नाही तर नेहमीची द्या. चांगलीची वाट पाहत हंगाम घालवणे हा सर्वांत वाईट पर्याय.

कोविडच्या बाबतीत सरसकट ‘सगळ्यांनी घ्या’ असे म्हणण्याचे दिवस आता राहिले नाहीत. वयस्कर, गर्भवती, प्रतिकारशक्ती कमी असलेले आणि दम्यापासून मधुमेहापर्यंत जुने आजार असलेले लोक यांना अद्ययावत लसीचा फायदा स्पष्ट आहे. आधी लस घेतलेल्या किंवा संसर्ग होऊन गेलेल्या निरोगी वीस वर्षांच्या विद्यार्थ्याला अतिरिक्त डोसचा फायदा कमी असतो. काही देशांनी हा निर्णय व्यक्ती आणि तिच्या डॉक्टरांवर सोडला आहे, म्हणून सूचना काढण्यापूर्वी आपल्या आरोग्य विभागाचा चालू नियम वाचा, गेल्या वर्षीचा नको. नुकताच कोविड होऊन गेला असेल तर डोस तीन महिने पुढे ढकलता येतो.

तरुण मुलांना एक गोष्ट आधीच सांगायला हवी. कोविडच्या एमआरएनए लसीनंतर (विषाणूचे एक प्रथिन कसे बनवायचे याची सूचना शरीराला देणारी लस) हृदयाच्या स्नायूला सूज येण्याचा धोका दुर्मीळ आहे, पण तो पौगंडावस्थेतल्या व तरुण पुरुषांमध्ये तुलनेने जास्त दिसला आहे, बहुधा दुसऱ्या डोसनंतर आठवड्याभरात. पहिल्या दोन डोसांत आठ आठवड्यांचे अंतर ठेवले तर तो कमी होतो. हे लपवले तर एखादा विद्यार्थी ते कुठेतरी अर्धवट वाचतो आणि मग बाकीच्या माहितीवरही त्याचा विश्वास राहत नाही.

आरएसव्हीची लस या तिघींत नवी. पहिल्या लसीला मान्यता मिळाली ती २०२३ मध्ये. सध्या ती एकदाच घ्यायची आहे, दरवर्षी नाही. विद्यापीठात ती दोन गटांसाठी आहे : वयाने मोठे कर्मचारी आणि निवृत्त प्राध्यापक (वयाची रेषा देशागणिक बदलते, कुठे ६०, कुठे ७५, जुना आजार असेल तर त्याआधीही), आणि गर्भवती महिला. गर्भवतींना द्यायची ती आईच्या रक्तातली प्रतिपिंडे बाळापर्यंत पोचावीत म्हणून. अमेरिकेत ती ३२ ते ३६ आठवड्यांत देतात, ब्रिटनमध्ये २८ व्या आठवड्यापासून. बाळंतपणाआधी निदान दोन आठवडे मिळायला हवेत.

इथे एक चूक प्रत्यक्षात अनेक ठिकाणी घडलेली आहे. आरएसव्हीच्या लसी एकापेक्षा जास्त आहेत, पण गर्भारपणात चालते ती फक्त ॲब्रिस्व्हो. आरेक्सव्ही आणि एमरेस्व्हिया या वयस्करांसाठी आहेत. फ्रिजमध्ये दोन प्रकारच्या आरएसव्ही लसी शेजारी ठेवल्या की कधी ना कधी चुकीची उचलली जाते. शक्य असेल तर एकच प्रकार मागवा. नाहीतर वेगळे कप्पे, वेगळ्या रंगाच्या चिठ्ठ्या, आणि टोचण्याआधी कुपीवरचे नाव मोठ्याने वाचण्याची सवय.

निरोगी तरुण विद्यार्थ्याला आरएसव्हीची लस लागत नाही. सूचनेत हे स्पष्ट लिहा, म्हणजे अर्धे दूरध्वनी वाचतील.

जाता जाता : वसतिगृहांसाठी या तिघींइतकीच महत्त्वाची, पण बहुतेकांच्या यादीतून सुटणारी लस म्हणजे गोवर-गालगुंड-रुबेलाची. गालगुंडाचे उद्रेक महाविद्यालयीन वसतिगृहांत वारंवार झालेले आहेत. प्रवेशाच्या वेळी दोन डोसांची नोंद मागा. नोंद नसेल तर २८ दिवसांच्या अंतराने दोन डोस. ही जिवंत विषाणूंची लस असल्याने गर्भवतींना आणि प्रतिकारशक्ती बरीच कमी असलेल्यांना देत नाहीत. परिचर्या आणि वैद्यकीय शाखेच्या विद्यार्थ्यांची क्षयरोगाची त्वचाचाचणी करायची असेल तर ती लसीच्या दिवशीच करा किंवा चार आठवडे थांबा. मधल्या काळात केलेली चाचणी खोटी नकारात्मक येऊ शकते.

तारीख कशी काढायची

लसीचे संरक्षण तयार व्हायला साधारण दोन आठवडे लागतात. म्हणून हिशेब उलटा करा : आपल्या भागात फ्लूचा जोर कधी सुरू होतो ते पाहा आणि त्याच्या तीन-चार आठवडे आधीची तारीख धरा. उत्तरेकडच्या थंड देशांत त्यामुळे सप्टेंबर-ऑक्टोबर येतो, दक्षिणेकडे एप्रिल-मे. उष्ण प्रदेशांत पुष्कळ ठिकाणी फ्लूचा जोर पावसाळ्यात असतो, तिथे पावसाआधी. फार लवकर उरकण्याची घाई नको, विशेषतः वयस्करांच्या बाबतीत, कारण हंगाम संपेपर्यंत संरक्षण टिकले पाहिजे. उशीर झाला तरी विषाणू फिरत आहे तोवर लस देण्यात अर्थ आहे.

नव्या सत्राचे पहिले आठवडे वेगळे धरावे लागतात. वेगवेगळ्या गावांहून आलेले विद्यार्थी एकाच खोलीत राहू लागतात, रात्री जागतात, एकाच मगातून पाणी पितात. सत्र आणि हंगाम जवळ आले तर प्रवेशाच्या कागदपत्रांबरोबरच लसीची वेळ द्या. रांगेत उभे राहायला विद्यार्थी त्या दिवशी तयारच असतात.

वार निवडताना दुसऱ्या दिवशीचा विचार करा. दंड दुखणे, अंगदुखी, कणकण हे सगळे बहुधा पहिल्या ४८ तासांत येते आणि जाते. म्हणून सुट्टीच्या आदल्या दिवशीचे शिबिर चांगले. परीक्षा, सामने किंवा लांबलचक प्रात्यक्षिके याआधी निदान तीन मोकळे दिवस असावेत. वेळा दोन ठेवा : एक दुपारी, एक संध्याकाळी. खानावळीतले कर्मचारी, सुरक्षारक्षक आणि रात्रपाळीचे प्रयोगशाळा सहायक दुपारी येऊ शकत नाहीत, आणि सर्वांत जास्त लोकांशी संपर्क त्यांचाच असतो. कंत्राटी कामगारांनाही यादीत घ्या. विषाणू नेमणूकपत्र पाहत नाही.

जागा आणि माणसे यांचा हिशेब

नोंदणी, प्रश्न, टोचणे आणि लिहून ठेवणे हे सगळे धरून एका टोचणाऱ्या परिचारिकेकडून तासाला १२ जण धरावेत. हात चालवून २० होतील, पण चुका त्याच घाईत होतात. चार परिचारिका आणि चार तास म्हणजे १९२ डोस. तासाला ४८ जण बाहेर पडत असतील आणि प्रत्येकाने १५ मिनिटे बसायचे असेल तर एका वेळी १२ जण बसलेले असणार. म्हणून निरीक्षणासाठी १६ खुर्च्या, त्याही पाठ असलेल्या, आणि दोन खाटा. येण्याचा आणि जाण्याचा दरवाजा वेगळा असावा. टोचण्याची जागा पडद्याआड असावी, कारण भोवळ संसर्गजन्य नसली तरी रांगेतला एक पडला की पुढचे दोघे पांढरे पडतात.

नोंदणीच्या टेबलावर आजारांची नावे मोठ्याने विचारू नका. छापील प्रश्नावली द्या, ती टोचणारीनेच पाहावी. कोणी लस घेतली नाही याची यादी विभागप्रमुखांकडे जाता कामा नये. एकदा ती गेली की पुढच्या वर्षी लोक शिबिराकडे फिरकत नाहीत.

प्रश्नावलीत इतके पुरे :

१. आज ताप किंवा मोठा आजार आहे का? साध्या सर्दीने लस थांबत नाही. ताप असेल तर बरे झाल्यावर या.
२. आधीच्या एखाद्या लसीनंतर किंवा तिच्या घटकामुळे श्वास लागणे, चेहरा सुजणे, अंगभर गांधी उठणे असे झाले होते का? झाले असेल तर शिबिरात नको, डॉक्टरांकडे.
३. फ्लूच्या लसीनंतर सहा आठवड्यांच्या आत गिलाँ-बारे हा मज्जातंतूंचा आजार झाला होता का?
४. गर्भवती आहात का? हा प्रश्न वगळण्यासाठी नाही. फ्लूची टोचायची लस गर्भारपणात कोणत्याही महिन्यात चालते आणि घ्यावीच. नाकात फवारायची मात्र चालत नाही.
५. रक्त पातळ करणारे औषध घेता का? असल्यास बारीक सुई वापरा आणि टोचल्यावर दोन मिनिटे न चोळता दाबून धरा.
६. सुई टोचताना पूर्वी भोवळ आली होती का?

अंड्याच्या ॲलर्जीचा प्रश्न जुन्या प्रश्नावल्यांत सापडतो. अलीकडच्या मार्गदर्शनानुसार त्यासाठी वेगळी खबरदारी लागत नाही, म्हणून तो काढून टाकला तरी चालेल.

सुईला फार घाबरणाऱ्यांसाठी नाकात फवारायची फ्लूची लस हा पर्याय २ ते ४९ वर्षांच्या निरोगी लोकांना आहे. तीत दुबळे केलेले जिवंत विषाणू असतात. त्यामुळे ऑसेल्टामिव्हिरसारखे फ्लूचे औषध चालू असेल तर ती निकामी ठरू शकते. दम्याच्या रुग्णाला टोचायचीच द्यावी.

फ्रिज : जिथे लस गुपचूप मरते

या तिन्ही लसी वापराआधी २ ते ८ अंश सेल्सियसमध्ये ठेवायच्या असतात. (एमआरएनए लस कारखान्यातून बहुधा गोठलेली येते. एकदा वितळली की तिची मुदत घटते आणि ती पुन्हा गोठवायची नसते. वितळल्याची तारीख खोक्यावर लिहा.) लोक उष्णतेला घाबरतात, पण फ्लूच्या लसीचा मोठा शत्रू थंडी आहे. ती गोठली की निकामी झाली, नंतर वितळून अगदी स्वच्छ दिसली तरी. आणि गोठलेली लस टोचली तर कोणाला काही होत नाही, म्हणून चूक लक्षातही येत नाही.

वसतिगृहाच्या खोल्यांत असतो तसला छोटा, एकाच दाराचा, आत बर्फाचा कप्पा असलेला फ्रिज लसीसाठी वापरू नका, तात्पुरताही नाही. त्यात बर्फाच्या कप्प्याजवळ तापमान शून्याखाली जाते आणि दाराजवळ दहाच्या वर. लसीचा खास फ्रिज नसेल तर बर्फकप्प्याला वेगळे दार असलेला चालतो, फक्त खालचा भाग वापरून. खोकी मधल्या कप्प्यात, भिंतीपासून थोडी दूर. दारात आणि भाजीच्या कप्प्यात पाण्याच्या बाटल्या भरून ठेवा म्हणजे वीज गेली तरी तापमान लवकर चढत नाही. तापमान सतत नोंदवणारे यंत्र लसींच्या मधोमध ठेवा आणि दिवसातून दोनदा किमान व कमाल आकडा वहीत लिहा. प्लगवर ‘काढू नये’ अशी चिठ्ठी हवी. सुट्टीत सफाई करताना तो काढला गेला की काय होते ते सोमवारी कळते.

तापमान बिघडलेले आढळले तर लस लगेच फेकू नका आणि वापरूही नका. योग्य तापमानात वेगळी ठेवा, वर ‘वापरू नये’ लिहा, किती वेळ किती अंश होते ते नोंदवा आणि उत्पादकाला किंवा लसपुरवठा विभागाला विचारा.

शिबिराच्या जागी नेताना थेट बर्फावर खोके ठेवू नका. बर्फाच्या पिशव्या आतले पाणी खुळखुळेपर्यंत बाहेर ठेवून मग पेटीत घाला.

टोचताना

फ्लूच्या लसीचा नेहमीचा डोस ०.५ मिलिलिटर, दंडाच्या स्नायूत. सर्वसाधारण प्रौढासाठी २५ मिलिमीटर लांबीची, २३ ते २५ गेजची (गेज म्हणजे जाडीचे माप) सुई. वजन बरेच जास्त असेल तर ३८ मिलिमीटरची, नाहीतर लस चरबीतच राहते. खांद्याच्या टोकाचे हाड बोटाने शोधा, त्याच्या दोन-तीन बोटे खाली आणि काखेच्या रेषेच्या वर, सरळ ९० अंशांत टोचा.

खांद्याला होणारी इजा बहुधा सुई फार वर गेल्याने होते, आणि ती वर जाण्यामागचे कारण बहुतेकदा कपडे असतात. विद्यार्थी गळ्याकडून शर्ट खाली ओढतो, दंडाचा वरचाच भाग उघडा पडतो आणि परिचारिका दिसेल तिथे टोचते. बाही पूर्ण वर जात नसेल तर हात बाहेर काढायला सांगा. टोचणारी उभी आणि घेणारा बसलेला असेल तरी हात वर सरकतो, म्हणून दोघांनीही बसावे. ४८ तासांत सुरू झालेले खांद्याचे दुखणे आठवडा उलटला तरी राहिले आणि हात वर जात नसेल तर त्याला ‘लसीचे दुखणे’ म्हणून सोडून देऊ नका, डॉक्टरांना दाखवा.

फ्लू आणि कोविड किंवा फ्लू आणि आरएसव्ही एकाच दिवशी देता येतात. शक्यतो वेगवेगळ्या दंडांत, एकाच दंडात असतील तर निदान अडीच सेंटिमीटर अंतर ठेवून. अंगदुखी थोडी जास्त होऊ शकते. जो पुन्हा येणार नाही असे वाटते त्याला दोन्ही एकदम द्या. लिहिण्याचा किंवा खेळण्याचा हात सोडून दुसरा हात निवडा.

वापरलेल्या सुईवर टोपण पुन्हा बसवायचे नाही. टणक डबा हाताच्या अंतरावर असावा आणि पाऊण भरला की बंद करावा.

भोवळ की ॲलर्जी?

तरुणांच्या शिबिरात भोवळ येणारच. उपाशीपोटी आलेले, रात्रभर जागलेले, घाबरलेले. त्यांना बसवून किंवा आडवे करूनच टोचा. भोवळीत माणूस फिका पडतो, घाम येतो, नाडी मंदावते, आणि आडवे करून पाय उचलले की एक-दोन मिनिटांत सावरतो. तीव्र ॲलर्जी वेगळी दिसते : अंगावर गांधी, ओठ-जीभ सुजणे, आवाज बसणे, छातीत घरघर, नाडी जलद, आणि आडवे केल्याने सुधारणा नाही.

दुसरे असेल तर गोळ्या शोधत बसू नका. प्रौढाला ॲड्रेनालिन ०.५ मिलिग्रॅम, म्हणजे १ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटरच्या कुपीतून ०.५ मिलिलिटर, मांडीच्या मधल्या बाहेरच्या भागात स्नायूत द्यायचे. त्याच वेळी दुसऱ्याने रुग्णवाहिका बोलवायची. पाच मिनिटांत फरक नसेल तर पुन्हा. रुग्णाला उभे करू नका, चालवू तर नकाच. ॲड्रेनालिनची कुपी, सिरिंज आणि सुई एकाच ट्रेमध्ये उघड्यावर असावी, कुलुपात नाही. आणि तिची मुदत शिबिराच्या आदल्या दिवशी तपासा.

घरी किंवा खोलीवर गेल्यावर

दंडाला थंड पट्टी लावा, हात हलवत राहा. ताप किंवा अंगदुखी झाली तर पॅरासिटामॉल चालते, लस घेण्याआधीच खाऊन येण्याची गरज नाही. टोचायच्या फ्लूच्या लसीने फ्लू होत नाही, तीत जिवंत विषाणू नसतो. तिसऱ्या दिवशीही ताप असेल किंवा खोकला सुरू झाला असेल तर तो बहुधा वेगळा संसर्ग आहे, त्याची तपासणी करा. कोविडच्या लसीनंतर आठवड्याभरात छातीत दुखणे, धाप किंवा धडधड झाली तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा आणि लस कधी घेतली ते सांगा. तोवर व्यायाम बंद.

लसीचे नाव, बॅच क्रमांक, तारीख आणि कोणत्या दंडात दिली याची चिठ्ठी मागून घ्या आणि तिचा फोटो काढून ठेवा. दुसऱ्या देशातून आलेल्या विद्यार्थ्यांच्या नोंदी वेगळ्या भाषेत असतात, म्हणून त्यांच्याकडून लसीचे व्यापारी नाव आणि तारीख एवढे तरी लिहून घ्या. दुसऱ्या गोलार्धातून येणाऱ्याने तिकडे गेल्या हंगामात फ्लूची लस घेतली असली तरी इथल्या हंगामाची पुन्हा घ्यावी.

लस घेऊनही आजारी पडलात तर

हे होऊ शकते. लसीचा भर आजार गंभीर होऊ न देण्यावर असतो. ताप असताना वर्गात येऊ नका. औषधाशिवाय २४ तास ताप नसेल आणि लक्षणे कमी होत असतील तर परत या, पुढचे पाच दिवस गर्दीत मास्क लावा. दमा, मधुमेह, गर्भारपण किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांनी पहिल्याच दिवशी आरोग्य केंद्राला कळवावे, कारण फ्लूचे विषाणूविरोधी औषध ४८ तासांच्या आत सुरू केले तर जास्त उपयोगी पडते.

उपस्थितीचा नियम या सगळ्याच्या आड येतो. एक दिवस गैरहजर राहिल्याबद्दल डॉक्टरांचा दाखला मागणारा विभाग तापलेल्या विद्यार्थ्याला वर्गात ढकलतो आणि आरोग्य केंद्रात दाखल्यासाठी रांग लावतो. हंगामापुरती तीन दिवसांपर्यंतची रजा स्वतःच्या सहीने मंजूर करा, आणि तसे परिपत्रक शिबिराच्या सूचनेबरोबरच काढा.